साडेतीनशे किलोमीटर आणि पंच्याऐंशी मिनिटे

महाराष्ट्राचा नकाशा टेबलावर पसरा आणि एक दोरा घ्या. त्याचे एक टोक मुंबई बंदरावर धरा, दुसरे मालवणच्या धक्क्यावर, आणि दोरा ताठ ओढा. तो अलिबागच्या जरा आतून निघतो, मुरूडजवळ किनारा गाठतो, हर्णैला घासतो, जयगड आणि रत्नागिरीच्या नाकांवरून सरकतो आणि विजयदुर्ग-देवगडला उजव्या हाताला ठेवत मालवणात पोहोचतो. वाटेत कधी दोन-चार किलोमीटर पाण्यावर, कधी तेवढाच जमिनीवर. किनाऱ्याची संगत मात्र तो सोडत नाही. कोकणची किनारपट्टी किती सरळ आहे याची कल्पना शाळेतल्या नकाशावरून येत नाही, कारण तिथे आपले लक्ष खाड्यांच्या दातेरी कडेकडे जाते. दोरा मोजला तर भरतो सुमारे ३३० किलोमीटर.

आता मुंबईहून मालवणला मोटारीने जा. काटा पाचशेच्या आसपास थांबेल. जास्तीचे पावणेदोनशे किलोमीटर कुठून आले? ते आले सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांपासून. किनाऱ्याला समांतर रस्ता काढायचा तर प्रत्येक खाडी तिच्या मुखापाशी ओलांडावी लागते, आणि तिथे खाडी सर्वांत रुंद असते. म्हणून रस्ता करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच केले: खाडी अरुंद होईल तिथवर आत, सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकायचे आणि तिथे पूल टाकायचा. महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर ही गावे मुंबई-गोवा महामार्गावर आहेत ती यामुळेच. मग कणकवलीला किंवा कुडाळला पोहोचलेला मालवणकर पुन्हा समुद्राकडे वळतो, म्हणजे आत आलेले अंतर परत फेडतो. किनाऱ्याने सरळ जाणारा रेवस-रेडी सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चर्चेत आहे. त्याची अडचणही तीच आहे, खाडीमुखांवरचे पूल. दाभोळहून धोपाव्याला जायचे तर आजही गाडी फेरीबोटीत चढवणे हाच जवळचा रस्ता ठरतो.

दोन गावांमधले अंतर हा एक ठरलेला आकडा असतो, असे आपण धरून चालतो. मुंबई आणि मालवण यांच्यात निदान तीन आकडे आहेत. समुद्राचा साडेतीनशेच्या आतला, हवेचा साडेतीनशेचा आणि जमिनीचा पाचशेचा. गंमत अशी की सर्वांत जुना मार्ग आणि सर्वांत नवा मार्ग लांबीला जवळजवळ सारखे आहेत. फत्तेमारी हाकणारा तांडेल आणि विमानाचा वैमानिक एकाच दोऱ्यावरून जातात. वाकडी वाट आहे ती मधल्या काळातली, चाकांची.

समुद्राच्या वाटेला लांबीचा त्रास नव्हता, वेळेचा होता. शिडाच्या गलबताला वारा लागतो, आणि कोकण किनाऱ्यावर उघाडीच्या महिन्यांत तो दिवसातून दोनदा दिशा बदलतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर पुन्हा किनाऱ्याकडे यायचे, अशी चाल साधत गलबते पुढे सरकत. वारा पडला की बंदरात थांबायचे. मुंबईला किती दिवसांत पोहोचणार या प्रश्नाला त्या काळी नेमके उत्तर नव्हते. पावसाळ्यात तर प्रश्नच नसे. होड्या वर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात जात. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले त्यामागेही, मला वाटते, हे पंचांग असणार: हंगाम नुकताच उघडलेला आणि पुढे सहा महिने समुद्र शांत.

आगबोटी आल्या आणि प्रवासाला प्रथमच वेळापत्रक आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई आणि दक्षिण कोकण यांच्यामध्ये प्रवासी आगबोटी धावू लागल्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव त्यांत सर्वांत ठळक. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पुढे पणजी अशी बंदरे घेत बोट जाई. गिरणगावात आलेला दक्षिण कोकणी माणूस प्रामुख्याने याच वाटेने आला. पुढे चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी सकाळी मुंबई सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी गाठायची, असा हिशेब होता. दहा-बारा नॉट हा त्या बोटींचा वेग.

पण वेळापत्रकात जे छापलेले नसे ते प्रवासी पुरते ओळखून होता. मालवणचे बंदर खडकांनी भरलेले आहे. मोठी बोट धक्क्याला लागत नसे, दूर नांगर टाकून उभी राही. मग पडाव येत. हेलकावणाऱ्या बोटीवरून हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे, आधी बोचकी, मग म्हातारी माणसे, मग पोरे. ओहोटी असेल तर पडावही काठापर्यंत येत नसे. हा कार्यक्रम रात्री-अपरात्री झाला तर कंदिलाच्या उजेडात. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना गर्दीत वेगळे हाल. शंभरावर सागरी मैल बोट बिनतक्रार कापत आली आणि शेवटच्या अर्ध्या मैलात माणसाचा जीव टांगणीला लागला, असे हे प्रकरण होते. प्रवासाचा मधला भाग यंत्राने वेगवान केला तरी दोन टोके तशीच राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. आगबोट गेली, आगगाडी आली, विमान आले. टोकांचे दुखणे काही गेले नाही.

आगगाडी खूपच उशिरा आली. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी आयुष्य घालवून मागितलेली, नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत लावून धरलेली कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर खुली झाली. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली बांधलेल्या या मार्गाने खाड्यांचा प्रश्न जमिनीवरच सोडवला, पण महामार्गासारखाच आतून जाऊन: ९१ बोगदे, त्यांत साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा, आणि रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल. मालवणला मात्र स्टेशन मिळाले नाही. कणकवली, सिंधुदुर्गनगरी किंवा कुडाळला उतरायचे आणि एसटी किंवा रिक्षा पकडायची. म्हणजे पुन्हा टोक.

जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत कोरड्या दिवसांत साधारण सहा तासांत कणकवली गाठते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रकच बदलते. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ पावसात झालेल्या अपघातांनी जी किंमत मोजायला लावली, तिच्यानंतर पावसाळ्यातला संथपणा हा दोष मानण्याचे कारण राहिलेले नाही. दरडींच्या मुलखात वेग कमी करणे हाच शहाणपणा. नारळी पौर्णिमेचे पंचांग रेल्वेलाही वेगळ्या रूपात पाळावे लागते, इतकेच.

आता विमान. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपीच्या सड्यावर सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन झाले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उंच सपाट पठार. पाणी धरून न ठेवणारे, शेतीला फारसे उपयोगी नसलेले, पण अडीच किलोमीटरची धावपट्टी अंथरायला सोयीचे. अलायन्स एअरचे मुंबईचे विमान सुरू झाले. सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी मुंबईहून निघून दुपारी १ वाजता चिपीला. पंच्याऐंशी मिनिटे. सुरुवातीचे तिकीट अडीच हजारांच्या आसपास.

या पंच्याऐंशी मिनिटांचा जमाखर्च मांडू. आधी अंतर काढू, आणि त्यासाठी इंटरनेटची गरज नाही, ॲटलास पुरे. मुंबई विमानतळ सुमारे १९ अंश ५ कला उत्तर अक्षांशावर आहे, चिपी १६ अंशांवर. फरक ३ अंश ५ कला, म्हणजे १८५ कला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. दर्यावर्द्यांनी आपले मापच असे ठेवले की नकाशाच्या कडेवरच पट्टी छापलेली असावी. विमानांनी ते माप जसेच्या तसे उचलले. सागरी मैल १,८५२ मीटरांचा. तेव्हा १८५ मैल म्हणजे ३४३ किलोमीटर. हे झाले उत्तर-दक्षिण अंतर. चिपी मुंबईपेक्षा पूर्वेला दोन तृतीयांश अंश आहे. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे जाताना आकसत जातो. आपल्या अक्षांशांवर तो सुमारे १०६ किलोमीटरचा पडतो, म्हणून हे अंतर झाले ७० किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ३४३ आणि ७०, कर्ण किती? आठवीतले पायथागोरस उत्तर देतात: ३५०.

या मार्गावर उडणारे विमान होते एटीआर ७२, सत्तरेक आसनांचे, पंख्याच्या इंजिनांचे. सरळ उड्डाणात त्याचा वेग तासाला पाचशे किलोमीटर. ३५० भागिले ५००, म्हणजे ४२ मिनिटे. छापील वेळ ८५. बाकीची ४३ मिनिटे गेली कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे छापील वेळ ही हवेतली नसते. विमान उभे असते तेव्हा त्याच्या चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात. ठोकळे काढून विमान हलले की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी ठोकळे पुन्हा लागले की बंद. दरम्यान विमानाने जमिनीवर जो फेरफटका मारला तो याच हिशेबात. मुंबईत हा फेरफटका लांब पडतो. मुंबईच्या मुख्य विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने काम चालत नाही. व्यवहारात एकच धावपट्टी, आणि तिच्यावर एका दिवसात हजाराहून जास्त विमाने चढल्या-उतरल्याचे दिवसही झालेले आहेत. सत्तर आसनांचे विमान असो की साडेतीनशे आसनांचे, रांग एकच. उलट मोठे विमान नुकतेच उडालेले असेल तर त्याच्या पंखांमागच्या हवेतले भोवरे शमेपर्यंत छोट्याला थोडे अधिक थांबावे लागते.

मग उड्डाण. धावपट्टीची दिशा वाऱ्याने ठरते, प्रवाशाच्या गावाने नाही. मुंबईत बहुतेक वेळा वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमान पश्चिमेकडे तोंड करून उडते आणि समुद्रावर जाऊन दक्षिणेला वळते. चढताना त्याचा वेग पाचशे नसतो, बराच कमी असतो. उतरताना तर मुद्दाम कमी करावा लागतो. आणि चिपीला पोहोचल्यावर पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून, धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा. साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासात विमान पाचशेच्या वेगाने फार तर अर्धा वेळ उडते. वर कंपन्या वेळापत्रकात थोडा सैलपणा राखतात, कारण उशीर झाला तर तेच विमान पुढच्या फेरीलाही उशिरा जाते.

मग इथे जेट का नको, असे वाटेल. जेट तासाला साडेआठशेने जाते. ३५० भागिले ८५० म्हणजे २५ मिनिटे. कागदावर सतरा मिनिटांची बचत. पण जेटचा तो वेग दहा किलोमीटरच्या उंचीवरचा असतो आणि तिथवर चढून लगेच उतरायला लागायचे. बचत पाच-दहा मिनिटांवर येते आणि इंधन भरमसाट जाते. जवळच्या अंतरावर पंखेवालेच शहाणे.

या ४०-४५ मिनिटांच्या ठोक खर्चाची गंमत अशी की प्रवास कितीही लांबला तरी तो फारसा वाढत नाही. मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटर. आठशेच्या वेगाने ८५ मिनिटे, अधिक ४० म्हणजे दोन तास पाच मिनिटे, आणि वेळापत्रकात साधारण तेच दिसते. मुंबई-दुबई १९२५ किलोमीटर. याच रीतीने तीन तासांच्या आसपास, प्रत्यक्षात तीन-सव्वातीन. आता सरासरी वेग काढा. चिपीचे विमान तासाला २५० किलोमीटरही धड गेले नाही. दुबईचे सहाशेने गेले. विमान म्हणजे वेग हे समीकरण लांबच्या प्रवासाला लागू पडते. जवळच्या प्रवासात विमान हे बव्हंशी वाट पाहण्याचे वाहन आहे.

आणि हे झाले फक्त विमानतळ ते विमानतळ. लालबागच्या चाकरमान्याला मालवणच्या घरी जायचे आहे. घरातून सांताक्रूझ-अंधेरीकडे टॅक्सीने तास धरा. उड्डाणाआधी दीड-दोन तास पोहोचायचे. मग पंच्याऐंशी मिनिटे. सामान हाती यायला वेळ. चिपी ते मालवण सरळ रेषेत दहाएक किलोमीटर आहे, पण मध्ये कर्ली नदीची खाडी. देवबागच्या टोकाला ती समुद्राला मिळते तिथे विमानातून पाहिले तर मालवण हाताला लागेल असे वाटते. गाडीला मात्र पुलापर्यंत आत जाऊन यावे लागते. खाडीने इथेही आपला कर वसूल केलाच. सगळे मिळून साडेपाच-सहा तास. वंदे भारतने कणकवलीमार्गे गेले तर आठ तास. रात्रीच्या बसने दहा-बारा, पण ते झोपेत जातात आणि सकाळचा पहिला चहा घरी होतो. ज्याची सुट्टी मोजकी आहे तो हे बारा तास शून्य धरतो. साडेतीनशे किलोमीटरला सहा तास, म्हणजे दारापासून दारापर्यंत विमानाचा वेग तासाला साठ. चांगली मोटरसायकल याहून जोरात जाते.

गावात आल्याआल्या विचारतात, “कधी इलस? कशान इलस?” किती वेळ लागला, हे त्यात कुणी विचारत नाही. कशाने आला हे कळले की वेळेचा आणि खिशाचा अंदाज ज्याचा तो करतो.

चिपीच्या मुंबई सेवेचे पुढे काय झाले, तेही या हिशेबात बसणारे आहे. ती ‘उडान’ योजनेखाली चालत होती. लहान गावांचे मार्ग सुरुवातीला तोट्यात असतात म्हणून काही आसनांचे भाडे बांधून द्यायचे आणि तुटीची भरपाई तीन वर्षे करायची, अशी २०१६ मध्ये आखलेली ही योजना. या काळात आणखी एक गोष्ट घडली: ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या मोप्याहून विमाने उडू लागली. मोपा पेडणे तालुक्यात आहे, सिंधुदुर्गच्या सीमेला लागून. बांद्याहून तो चिपीपेक्षा जवळ. मालवणहून मोप्याला दोन तास लागतात, चिपीला त्याच्या निम्म्याहून कमी. तरीही बरेच मालवणकर मोप्याला उतरू लागले. कारण मोप्याला दिवसभरात अनेक विमाने येतात आणि चिपीला मुंबईचे एकच होते. एकच विमान म्हणजे आपली वेळ त्याच्या वेळेला बांधायची. ते रद्द झाले तर दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. प्रवासाचा वेळ मोजताना हा थांबण्याचा वेळ कुणी धरत नाही, पण माणूस तिकीट काढताना तो बरोबर धरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि ती मुंबई सेवा थांबली. मला विचाराल तर चिपी चुकीच्या जागी बांधले असे म्हणण्यापेक्षा दिवसाला एक फेरी हे विमानसेवेचे सर्वांत महाग रूप आहे, असे म्हणावे. एसटीलाही एकाच फेरीवर गाव जोडता आलेले नाही.

जरा लांबच्या अंतरांकडे वळू, कारण तिथे दोऱ्याची गोष्ट वेगळेच वळण घेते. मुंबई-मालवण इतक्या टप्प्यात पृथ्वी सपाट मानली तरी बिघडत नाही. आपण पायथागोरसवर भागवले. मुंबई-न्यूयॉर्कला ते चालणार नाही. भिंतीवरच्या नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक यांवरून जाते. आता पृथ्वीगोल घ्या आणि दोरा ताणा. तो वायव्येच्याही उत्तरेकडे निघतो, मध्य आशिया आणि रशियावरून वर चढत ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो, नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामधल्या समुद्रावरून जातो आणि मग कॅनडाकडून खाली उतरतो. लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर. गोलावरचा हा सर्वांत जवळचा मार्ग. याला बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे ज्याचा केंद्रबिंदू पृथ्वीच्या केंद्राशी जुळतो असे वर्तुळ. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा करतो, म्हणून हीच सरळ वाट त्यावर कमानीसारखी वाकडी दिसते. नातवंडांना भेटायला पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना समोरच्या पडद्यावर विमान उत्तर ध्रुवाकडे चाललेले दिसते आणि वैमानिक वाट चुकला की काय अशी शंका येते. त्यांना चारआण्याचा पृथ्वीगोल दाखवावा.

प्रत्यक्षात मात्र विमान बृहद्वृत्तावरून क्वचितच जाते. आकाशातही हद्दी आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनचे आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना खाली गुजरात आणि अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागू लागला. जमिनीवर खाड्यांनी जे केले ते वर राज्यकर्ते करतात. आणि वारा. मुंबई-लंडन बृहद्वृत्ताने ७२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना साधारण तासभर कमी. मध्य अक्षांशांवर दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. थंडीच्या दिवसांत त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. येताना विमान त्यात शिरते, जाताना त्याला टाळत जाते. मतलई वारा पाहून शीड उघडणारा तांडेल हे ऐकून मुळीच चकित झाला नसता.

घड्याळाचा घोटाळा वेगळाच. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. रात्री दहाला दुबईहून निघालेला माणूस मुंबईत पहाटे अडीचला उतरतो आणि साडेचार तास लागले म्हणतो. प्रत्यक्षात तो विमानात तीन तासच होता. जाताना उलट, दीड तासातच दुबई आल्यासारखी वाटते.

आखातात सिंधुदुर्गची बरीच माणसे आहेत. जहाजावर, हॉटेलात, बांधकामावर, कार्यालयांत. गणपतीला घरी येणाऱ्या अशा माणसाचा हिशेब मांडून पाहा. दुबई ते मुंबई १९२५ किलोमीटर, तीन तास. मुंबई ते मालवण ३३० किलोमीटर, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी महामार्गावर वडखळपासून माणगावपर्यंत गाड्यांची रांग लागली तर चौदा-पंधरा तास. एक षष्ठांश अंतराला पाचपट वेळ. म्हणून तो मुंबई टाळतो. आखातातून गोव्याला थेट विमाने आहेत; अंतर मुंबईपेक्षा थोडे जास्त, उड्डाण थोडे लांब, पण उतरल्यावर रस्त्याचे दोन-तीन तासच. चतुर्थीच्या सकाळी मखरासमोर बसलेला दुबईचा भाऊ अंघोळ करून ताजातवाना असतो आणि डोंबिवलीचा भाऊ अजून संगमेश्वरात असतो.

डोंबिवलीच्या भावासाठी डिसेंबर २०२५ मध्ये एक बदल झाला आहे. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून २५ तारखेपासून प्रवासी विमाने उडू लागली. तिथून चिपी सरळ रेषेत ३३५ किलोमीटर भरते, म्हणजे सांताक्रूझपेक्षा जेमतेम पंधरा किलोमीटर कमी. हवेत दोन मिनिटांचा फरक. पण कल्याण-डोंबिवली, पनवेल, खारघर, नेरूळ या पट्ट्यात मालवणी माणसे दाट आहेत आणि त्यांना अंधेरीपर्यंत जाण्याचे तास-दीड तास वाचतात. लालबागकराला मात्र जुनाच विमानतळ जवळ. तेव्हा मालवणला विमानाने किती वेळ लागतो हे सांगण्याआधी विचारणारा राहतो कुठे आणि त्या दिवशी विमान आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. किलोमीटरचा प्रश्न नंतर.